उताराचं पाणी

वेणीमाधव गायधनींना गावात 'नाकवाले साहेब' म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांच्या कानावर जाईल इतपत मोठ्यानं. नाशिकच्या नगरपालिकेत ते सॅनिटरी इन्स्पेक्टर होते. सकाळी सहाला हातात काठी आणि खिशात वही घेऊन निघायचे, गल्लोगल्लीच्या गटारींशी थांबायचे, उकिडवं बसून वास घ्यायचे, वहीत काहीतरी लिहायचे आणि पुढे जायचे.

घराणं गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीवरच्या, क्षेत्रोपाध्यांचं. थोरले दोघे भाऊ यात्रेकरूंचे विधी करत, आणि पंचविशीपर्यंत वेणीमाधवांनीही तेच केलं. मग सिंहस्थानंतर पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली, तीत बायको गेली. एके सकाळी तिनं गंगेवरून घागर भरून आणली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती नव्हती. पाण्यानं झालं, असं डॉक्टर म्हणाले. वेणीमाधवांनी पोथ्या भावांच्या हवाली केल्या, पुण्याला जाऊन इन्स्पेक्टरची परीक्षा दिली आणि परत येऊन गटारींच्या मागे लागले. भावांनी त्यांना तोडलं असं नाही. पण सणावाराला जेवायला गेलं की यांचं पान पंक्तीपासून जरा दूर, दाराजवळ मांडलेलं असे. दोन-तीन वर्षांनी ते जायचेच थांबले. तिवंध्याच्या चौकाजवळ माडीवरच्या दोन खोल्या आणि खानावळीतलं दोन वेळचं जेवण, एवढाच संसार उरला. त्या माडीचा जिना पाहुणा म्हणून कुणी चढला नाही.

१९३४ साली हबीबमियाँचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. पिंजार गल्लीच्या वरच्या अंगाला मुलाम्याचा कारखाना काढायचा होता, त्याला परवाना हवा होता. कायद्याच्या भाषेत तो 'उपद्रवी धंदा', म्हणून इन्स्पेक्टरनं जागा पाहून शेरा मारल्याशिवाय परवाना मिळत नसे.

हबीबमियाँ मूळचा कल्हईवाला. भाता आणि नवसागर घेऊन दारोदार फिरणारा. मध्ये तीन वर्षं मुंबईला गेला, एका मुलाम्याच्या कारखान्यात हमाली करता करता सगळं डोळ्यांनी शिकला आणि परत आला. जुनं तेलाचं इंजिन आणलं, त्यावर वीज करणारा डायनामो चढवला. सागवानी पेट्या स्वतः जोडल्या, आतून शिशाचे पत्रे मारले. वेणीमाधव पाहायला गेले तेव्हा त्यानं पितळेची एक अत्तरदाणी तेजाबात बुचकळली, धुतली, हिरव्या पाण्याच्या पेटीत तारेला टांगली. घटकाभरानं वर काढली तर ती चांदीसारखी पांढरी.

"आता ही काळी पडायची नाय, साहेब," तो म्हणाला. "कल्हईवाल्यानं असली वस्तू काढणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय. पण केली बघा."

वेणीमाधवांनी अत्तरदाणी हातात फिरवून पाहिली. मग त्यांची नजर खाली फरशीवर गेली. धुवणाचं पाणी भिंतीच्या बुडाशी काढलेल्या सांडीतून बाहेर चाललं होतं.

"हे पाणी कुठं जातं?"

"गटारीत."

"आणि गटार?"

"नाल्याला. नाला गंगेला. सगळ्यांचंच जातं की, साहेब."

ते खरंच होतं. रंगाऱ्यांचं, चांभारांचं, हलवायांचं, सगळ्यांचं पाणी त्याच वाटेनं जात होतं. त्या पाण्यात एक माणूस आणखी काय वाढवणार? आणि भांडी बाजारातले कारागीर मंदीनं हात बांधून बसलेले असताना हा माणूस काहीतरी नवं उभं करत होता. वेणीमाधवांनी शेरा लिहिला, 'हरकत नाही', आणि खाली सही केली.

कारखाना चालला. दिव्यांच्या बैठका, ताटं, तबकं, सायकलींची हँडलं अशी कामं येऊ लागली. दोन वर्षांत चौदा माणसं हाताखाली आली. त्यांतल्या चार विधवा बायका, घासकामाला. इंजिनाचा धक्‌धक् आवाज खालच्या गल्लीपर्यंत जाई आणि तो सुरू झाला की सकाळ झाली असं लोक समजत.

वेणीमाधव तपासणीला म्हणून जात आणि तपासणी झाल्यावरही बसत. हबीबमियाँ चहा मागवी. पहिल्यांदा वेणीमाधवांनी आजूबाजूला पाहून कप उचलला, नंतर पाहायचं सोडून दिलं. इंजिनाचा पट्टा का सुटतो, वीज कमी झाली की मुलामा का सोलतो, यावर दोघं तास तास बोलत. गोष्ट थोरल्या भावापर्यंत गेली. भाऊ वाटेत भेटला आणि म्हणाला, "वेणू, आता घराकडे आलास तर आंघोळ करून ये." घराकडे जायचं तसंही राहिलेलं नव्हतं.

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात एक म्हातारी कचेरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. पिंजार गल्लीच्या उताराला राहणारी जैतुनबी. तिचा मुलगा सलीम हबीबमियाँकडेच तेजाबाच्या पेटीवर कामाला होता.

"साब, भात हिरवा होतो," ती हळू आवाजात म्हणाली. "तीन हप्ते झाले. डाळ शिजता शिजत नाय. बकरीनं पाण्याला तोंड लावायचं सोडलं. माणसं काय, पितात."

"कुठल्या विहिरीचं पाणी?"

"गल्लीतल्याच. आमची एकच विहीर हाय." मग ती जरा जवळ आली. "माझं नाव लिवू नका. पोराचं काम हाय तिथं."

तिला कारण ठाऊक होतं. वेणीमाधवांनाही त्याच क्षणी कळलं. पण कळणं वेगळं आणि खात्री करणं वेगळं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. आंबट पाणी लागलं की लाल होणाऱ्या निळ्या कागदांची डबी घेऊन ते पिंजार गल्लीत गेले. विहिरीत बादली सोडली. कागद लाल. विहिरीपासून आठ हातांवर गटारीची भिंत तडकलेली होती आणि तिथली माती खालपर्यंत ओली. तिथं कागद लाल. मग ते गटारीकाठानं वर चढू लागले. दर दहा पावलांवर बसायचे, कागद बुडवायचे. प्रत्येक वेळी त्यांना वाटे, आता हा निळाच राहावा. मध्येच कुठल्या तरी दुसऱ्या घरातून, दुसऱ्या धंद्यातून हे येत असावं. चौदा कागद लाल झाले. पंधरावा त्यांनी हबीबमियाँच्या सांडीखाली धरला.

हबीबमियाँ बाहेर आला तेव्हा ते तिथंच बसलेले होते. त्यानं कागद पाहिला.

"विहिरीत उतरतंय," वेणीमाधव म्हणाले.

"गटार नगरपालिकेची, साहेब. ती फुटली तर माझा काय गुन्हा?"

"गटार दुरुस्त करायला मी आजच माणूस लावतो. पण तेजाब चुना खातं. आज बांधली तर चार महिन्यांनी परत फुटेल."

"मग काय करू? बंद करू?" हबीबमियाँचा आवाज चढला. "आत चौदा माणसं हायेत. चौदा घरं. मुंबईत मी पाहिलंय, सगळं गाव धुरात असतं, कुणी गिरणी बंद करत नाय. बरकत येते म्हणून लोक धूर गिळतात. इथं एक गरीब माणूस काही करायला गेला की लगेच कायदा."

"धूर दिसतो, हबीबमियाँ. हे घागरीतून घरात जातंय."

हबीबमियाँनं वाहत्या सांडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आठ दिवस द्या. काहीतरी तोड काढतो."

नियमाप्रमाणे त्याच दिवशी अहवाल जायला हवा होता. वेणीमाधवांनी आठ दिवस दिले. गटारीची भिंत दुरुस्त करवली, विहिरीवर 'पिऊ नये' अशी पाटी लावली. पाटी वाचणारे गल्लीत चार जण आणि दुसरी विहीर अर्ध्या कोसावर. हबीबमियाँनं एक खड्डा खणून त्यात कोळसा आणि वाळू भरली. पाणी त्यातून गेलं आणि तसंच आंबट बाहेर आलं.

सहाव्या दिवशी सलीमची बायको नसीम ओकून ओकून आडवी झाली. तिला पाचवा महिना होता. दवाखान्यात नेलं, ती वाचली. पोटातलं राहिलं नाही. पाण्यानंच झालं असं कुणी छातीठोकपणे सांगितलं नसतं. डॉक्टरही म्हणाले, उन्हाळ्यात असं होतं. वेणीमाधवांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात सलीमला पाहिलं. भिंतीला टेकून उभा होता. तेजाबानं पिवळी पडलेली स्वतःची बोटं पाहत होता.

त्याच संध्याकाळी त्यांनी अहवाल लिहिला. त्यात त्यांनी हेही लिहिलं, की परवान्याची शिफारस मीच केली होती आणि सांडपाण्याची सोय न पाहता केली होती. वरच्या साहेबांनी वाचून विचारलं, "हे कशाला? काढून टाका." वेणीमाधव म्हणाले, "राहू द्या."

आरोग्य समितीत बैठक झाली. भांडी बाजारातले मोतीरामशेठ व्यापाऱ्यांच्या वतीनं बोलायला आले होते. बोलण्यात वाकबगार माणूस. "नाशिकचं पितळ अजून घणावर चाललंय," ते म्हणाले. "बाहेरचा चकचकीत माल येतो आणि आपला कारागीर उपाशी मरतो. एक माणूस नवी विद्या घेऊन आला, त्याला पहिल्याच दगडाला ठेचकाळून पाडू नका." एका वृद्ध सभासदानं विचारलं, "शेठजी, त्या विहिरीचं पाणी तुम्ही घरी न्याल?" मोतीरामशेठ हसले आणि खाली बसले. शेवटी वेणीमाधवांना मत विचारलं. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, असं काहीतरी. पण शब्द निघाले ते एवढेच: "सध्या थांबवावं. सोय झाली की पुन्हा द्यावं."

हुकूम निघाला, आणि दाराला चिकटवायचं काम नियमाप्रमाणे त्यांच्याकडेच आलं. खळ घेऊन ते गेले. माणसं अंगणात उभी होती, कुणी वाट अडवली नाही. हबीबमियाँनं स्वतः इंजिनाचा तेलाचा कॉक बंद केला. चाक हळूहळू फिरत राहिलं, मग थांबलं. गल्लीत अचानक चिमण्या ऐकू येऊ लागल्या.

"चिकटवा नीट," हबीबमियाँ म्हणाला. "कोपरे उलतात."

त्यानंतर पिंजार गल्लीत वेणीमाधवांशी कुणी बोललं नाही. शिव्याही दिल्या नाहीत. ते येताना दिसले की ओट्यावरची माणसं उठून आत जात. घासकाम करणाऱ्या बायकांपैकी एक धुणीभांडी शोधत तिवंध्यापर्यंत आली, खालच्या बिऱ्हाडात तिला काम मिळालं. रोज सकाळी ती जिन्याशी त्यांना दिसे आणि पदर तोंडावर ओढून भिंतीकडे वळे. व्यापारीही रागावले होते. कचेरीत सोबती म्हणत, "गायधनी, तुम्ही स्वतःवरच अहवाल लिहिणारे, तुमच्याजवळ बसायचं कसं?" थट्टाच ती, पण जवळ कुणी बसत नसे.

सलीमनं दोन महिने काम शोधलं. मालेगावात मागावर माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा नसीमला घेऊन तो गेला. जैतुनबी मागे राहिली. पावसाळा सरला तसं विहिरीचं पाणी निवळलं. वेणीमाधव तपासायला गेले तेव्हा ती काठावर बसली होती. कागद निळाच राहिला. तो त्यांनी तिला दाखवला.

"हां, गोड झालं," ती म्हणाली. "पण साब, आता भरू कोणासाठी? माझ्या एकटीला तांब्याभर लागतं."

"चूक माझी आहे, जैतुनबी."

"चूक?" ती जरा चिडली. "मीच आले होते ना तुमच्या दाराशी? मग माझी बी हाय. जावा तुम्ही."

त्या हिवाळ्यात वेणीमाधवांच्या माडीवर काचेच्या बरण्या जमल्या. खानावळीतून येऊन ते कंदील लावत आणि बसत. भांडी बाजारातून तेजाबाचं वापरलेलं पाणी बाटल्यांतून आणायचं, त्यात चुना किती टाकला तर आंबटपणा मरतो ते पाहायचं, गाळ किती वेळात खाली बसतो ते घड्याळ लावून मोजायचं. चुना पडला की पाणी नासलेल्या दुधासारखं फुटे आणि निळसर गाळ तळाला जाई. एका टाकीत जमत नव्हतं, दोहोंत अर्धंमुर्धं. तीन टाक्या एकीखाली एक ठेवल्या तर शेवटचं पाणी साफ येत होतं. ज्या दिवशी पहिल्यांदा जमलं त्या दिवशी ते बरणी हातात घेऊन उठले. कुणाला तरी दाखवावी असं फार वाटलं. खालच्या बिऱ्हाडातली माणसं लग्नाला गेली होती. मग बरणी त्यांनी खिडकीत ठेवली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे पाहत बसले.

रविवारी ते हबीबमियाँच्या घरी गेले. तो पुन्हा जुना भाता दुरुस्त करत होता. वेणीमाधवांनी कागदावर काढलेल्या तीन टाक्या त्याच्यासमोर ठेवल्या. हबीबमियाँनं नीट पाहिल्या, बोटानं माप धरलं. कारागीर होता, चांगली गोष्ट त्याला लगेच कळे.

"हे चालेल," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? ह्या तीन टाक्या बांधायला माझ्या कारखान्याएवढीच जागा लागते. गावात ती कुठं? गावाबाहेर जमीन कुणाची?" त्यानं कागद घडी करून परत दिला. "आणि इंजिन गेलं, साहेब. विकायला काढलं, मोतीरामशेठनं उचललं. पेट्यासुद्धा."

नव्या पोटनियमाचा अठ्ठावीस पानांचा मसुदा वेणीमाधवांनी वर्षभर लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मुलाम्याचे कारखाने गावठाणाबाहेर असावेत, तीन टाक्या असाव्यात, गाळ पक्क्या खड्ड्यात पुरावा, दर महिन्याला तपासणी व्हावी. धंदा बंद पडू नये आणि विहीरही नासू नये, एवढाच त्यात हेतू होता. अडतीस साली पोटनियम मंजूर झाला. त्याखाली पहिला परवाना मोतीरामशेठला मिळाला. गावाबाहेर माळावर त्यांनी पत्र्याची मोठी शेड घातली, चाळीस माणसं घेतली. हबीबमियाँ तिथं मिस्त्री म्हणून नोकरीला लागला.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वेणीमाधव चालत तिथं जात. हबीबमियाँ टाक्यांवरची झाकणं उघडून देई. "होय साहेब." "नाही साहेब." यापलीकडे शब्द नाही. एकदा मात्र झाकण उघडून तो बाजूला झाला नाही. पहिल्या टाकीत त्यानं गंजक्या खिळ्यांची आणि पत्र्याच्या तुकड्यांची जाळी टांगली होती. लोखंडावर तांबूस थर चढला होता.

"तेजाबात विरघळलेलं तांबं लोखंडावर येऊन बसतं," हबीबमियाँ म्हणाला. "खरवडून घेतो. वाया जात नाय, आणि पुढं चुनाही कमी लागतो."

वेणीमाधव वाकून पाहत राहिले. अनेक महिन्यांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता. "हे तुम्हाला सुचलं?"

"दुसरं कोण हाय इथं सुचणारं?"

"हबीबमियाँ, हे आधी सुचलं असतं..."

"आधी कुणी टाकी बांधायला लावली नव्हती." तो जाळीकडेच पाहत बोलत होता. "तुमचं बरोबर होतं, साहेब. त्या नसीमचं पाहिल्यावर मला रात्र रात्र झोप नव्हती. पण तुमचं बरोबर होतं म्हणून माझा कारखाना माझा राहिला नाय, हेबी खरंच ना? तुम्ही चुकला असता तर मी तुम्हाला शिव्या घातल्या असत्या आणि मोकळा झालो असतो."

आत शेडमधून कुणीतरी मिस्त्रीला हाक मारली. हबीबमियाँनं झाकण लावलं आणि तो गेला. वेणीमाधवांनी वहीत जाळीचं सविस्तर वर्णन लिहिलं आणि पुढे हबीबमियाँचं पूर्ण नाव लिहिलं, म्हणजे कागदावर तरी ते राहील. मग माळावरून एकटेच गावाकडे निघाले.

एकोणचाळीसच्या पावसाळ्याआधी जैतुनबी पुन्हा कचेरीच्या दाराशी आली. हातात पोस्टकार्ड होतं. सलीमचं. मालेगावला कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. गल्लीत वाचून दाखवणारे होते, तरी ती इथवर चालत आली होती. वेणीमाधवांनी तिला बाकावर बसवलं आणि वाचलं.

सलीम खुशाल होता. नसीमला मुलगी झाली होती, सहा महिन्यांची. तिथं आता काही माग इंजिनावर चालतात, एक माणूस चार माणसांचं कापड काढतो, असं त्यानं लिहवलं होतं. काम भरपूर आहे. रंगाचे कारखानेही वाढलेत. नदीचं पाणी कधी लाल येतं, कधी जांभळं. पोरं काठावर बसून आज कुठला रंग येणार यावर पैज लावतात.

वेणीमाधव थांबले. जैतुनबी त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"तिथं तुमच्यासारखा कुणी हाय का, साब?"

"असेल."

"नसेल तर?"

टेबलाच्या खणातून त्यांनी कोरं कार्ड काढलं आणि टाक शाईत बुडवला. "सांगा, काय लिहू?"

तिनं सांगितलं ते त्यांनी तिच्याच शब्दांत लिहिलं. पोरीचं नाव काय ठेवलं ते कळव. तिला नजर लागू देऊ नको. मी बरी आहे. पाणी नदीचं घेऊ नका, विहीर दूर असली तरी तिथून आणा. शेवटी बोटभर जागा उरली. जैतुनबी म्हणाली, तुमच्याकडून काही लिवा. वेणीमाधवांनी बराच विचार केला आणि लिहिलं, 'पाणी गाळून, उकळून प्यावं. वे. गायधनी.'

ती कार्ड घेऊन पोस्टाकडे गेली. त्यांनी निळ्या कागदांची डबी आणि काठी उचलली. दुपारची फेरी अजून व्हायची होती.